नळाच्या दिवशी बंद पडणारा टीव्ही

अक्का 'येईल' हा शब्द वापरत नसत. गाडी असो, पाऊस असो, पाहुणा असो. आला असेल तर 'आला आहे', नसेल तर 'आलेला नाही'. मधलं काही त्यांना मान्य नव्हतं. धुळ्याच्या बसस्थानकात चौकशीच्या खिडकीत त्यांची सगळी नोकरी झाली आणि लाउडस्पीकरवरच्या घोषणाही त्याच करत. साक्रीची गाडी कधी येईल, असं कुणी विचारलं की त्या सांगत, "साक्रीची गाडी आलेली नाही." तो म्हणे, "पण येईल ना?" त्या म्हणत, "आलेली नाही." माणूस चिडून निघून जाई. अक्कांचं म्हणणं असं, की 'येईल' म्हटलं की माणूस बाकावर बसून राहतो. 'आलेली नाही' म्हटलं की स्वतःचं डोकं चालवतो.

मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायला गेलो तेव्हा त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. जुन्या धुळ्यात गल्ल्यांना नावांपेक्षा नंबर जास्त आहेत. त्यातल्या एका अरुंद गल्लीत त्यांचं छोटं दुमजली घर होतं. यजमान लवकर गेलेले, एकुलता मुलगा पुण्यात. मी एका दैनिकाचा जिल्हा वार्ताहर आहे, हे कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा:

"पत्रकार, तुमच्या पेपरात 'लवकरच' हा शब्द कोण घालतं?"

"आम्हीच घालतो."

"का?"

तेव्हापासून त्या मला 'पत्रकार' म्हणूनच हाक मारू लागल्या आणि माझ्या छापून आलेल्या बातम्यांतल्या 'लवकरच', 'सुरळीत' आणि 'सूत्रांनुसार' या शब्दांवर पेन्सिलीनं काट मारून अंक जिन्यावर ठेवू लागल्या.

त्यांची दुसरी सवय म्हणजे प्रत्येक गोष्ट दोनदा सांगणं. पहिल्यांदा साध्या आवाजात, दुसऱ्यांदा शब्द तोडून. दूधवाल्याला त्या सांगत, "उद्या अर्धा लिटर. उद्या, अर्धा, लिटर." भाजीवालीला सांगत, "मेथी नको. मेथी, नको." स्थानकाच्या गोंगाटात पहिल्यांदा सांगितलेलं कुणाच्या कानावर पडत नाही, दुसऱ्यांदा सांगितलेलं पडतं, हे त्यांच्या जिभेत इतकं मुरलं होतं, की स्वयंपाकघरात एकट्या असतानाही त्या गॅस बंद केल्याचं दोनदा बोलत. गल्लीतली पोरं त्यांची नक्कल करत. अक्का त्यांना थांबवून उच्चार सुधारून देत.

भाषा मात्र त्यांच्याकडे दोन होत्या. एक माइकची, स्वच्छ छापील मराठी. दुसरी घरची अहिराणी, ती फक्त राग आला की बाहेर पडे. "तुले काय वाटस?" असं त्यांच्या तोंडून निघालं, की समोरचा माणूस ओट्यावरून एक पायरी उतरत असे.

स्थानकातली त्यांची एक गोष्ट जुने चालक-वाहक अजून सांगतात. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशीची. सासुरवाशिणी माहेरी निघालेल्या, फलाटांवर पाय ठेवायला जागा नाही आणि साक्रीकडची गाडी कुठं अडकली याचा पत्ता नाही. गर्दी खिडकीवर हात आपटायला लागली तेव्हा वरिष्ठांनी अक्कांना सांगितलं, 'गाडी थोड्याच वेळात येत आहे' अशी घोषणा करा. अक्कांनी माइक चालू केला आणि सांगितलं, "साक्रीकडे जाणारी गाडी आलेली नाही. ती कुठे आहे, हे स्थानकात कोणालाही माहीत नाही. साक्रीकडे जाणारी गाडी, आलेली नाही." वरिष्ठ डोक्याला हात लावून बसले. दंगा होईल अशी त्यांची खात्री होती. पण बायांनी पिशव्या उचलल्या, पोरं काखेत घेतली आणि बाहेर उभ्या असलेल्या जीपगाड्यांकडे चालायला लागल्या. त्या संध्याकाळी बहुतेक जणी माहेरी पोचल्या. अक्कांना मात्र माइकवरून काढून पार्सलच्या खोलीत बसवण्यात आलं. तिथं त्या कुरकुर न करता बसल्या. माफीनाम्याचा मसुदा त्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा त्यांनी विचारलं, "गाडी आली होती का?" नव्हती आली. "मग माफी कशाची?" काही महिन्यांनी त्यांना परत माइकवर आणावं लागलं, कारण त्यांच्या जागी बसवलेल्या माणसाचं बोलणं कुणालाच कळत नव्हतं.

हे सगळं आधी सांगितलं, कारण टीव्हीच्या प्रकरणात त्या जे वागल्या ते याच जातीचं होतं.

टीव्ही मुलानं दिवाळीला आणला. तो पुण्याजवळच्या एका कारखान्यात इंजिनिअर. शांत, आईला रोज फोन करणारा. जुना डब्यासारखा टीव्ही भंगारात गेला आणि त्याच्या जागी भिंतीवर हा सपाट, काळा, खिडकीएवढा टीव्ही आला. अक्कांना तो आवडला. त्या त्यावर बातम्या लावत आणि निवेदकांशी भांडत. निवेदिका म्हणे, "मोठी बातमी येत आहे." अक्का म्हणत, "आली की सांग." ती म्हणे, "पाहत राहा." अक्का म्हणत, "तू बोलत राहा, मी भाजी निवडते." माडीवर मला हा संवाद स्पष्ट ऐकू येई.

थंडी पडली आणि टीव्ही बंद पडायला लागला.

तो जळत नव्हता, चित्र हलत नव्हतं, आवाज फाटत नव्हता. चालता चालता गप्प होई आणि खालच्या कडेला तांबडा ठिपका लागे. रिमोटचं बटण दाबलं की पुन्हा सुरू. थोड्या वेळानं पुन्हा ठिपका. मग कित्येक दिवस काहीच नाही, सकाळ-संध्याकाळ खणखणीत चाले. अक्कांनी मुलाला फोनवर सांगितलं, "टीव्ही बंद पडतो. टीव्ही, बंद पडतो."

मुलानं पुण्यात बसून दुरुस्ती सुरू केली. आधी त्यानं झोपेचा टायमर बंद करायला लावला. मग वीज वाचवण्याचं सेटिंग काढायला लावलं. मग सगळं पुसून टीव्ही नव्यासारखा करायला सांगितलं. तसं केल्यावर टीव्हीनं अक्कांना विचारलं, तो घरात लावला आहे की दुकानात. अक्कांनी 'दुकान' दाबलं. त्यानंतर दोन दिवस त्यावर नुसते धबधबे, पोपट आणि त्याच टीव्हीची जाहिरात दिसत होती. मुलानं व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं.

"आई, दुकान का दाबलंस?"

"माझं घर कुठं आहे ते कंपनीला कशाला सांगू?"

मुलगा हसला नाही. मला वाटतं, त्याच्या मनात शंका आली ती त्या दिवशी.

मेकॅनिक आला. टीव्ही उतरवून दुकानात घेऊन गेला. तिथं तो दिवसभर चालवून पाहिला, एकदाही बंद पडला नाही. परत आणून लावताना म्हणाला, "अक्का, टीव्हीत काहीच नाही."

"मग बंद का पडतो?"

"बोर्ड जात आला असंल. नवाच घ्या."

"काहीच नाही, आणि नवा घ्या? एक काहीतरी सांग."

मेकॅनिकनं ओटा उतरता उतरता माझ्याकडे बघून डोक्याजवळ बोट फिरवलं. अक्कांनी ते पाहिलं. "पत्रकार," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "त्याला सांगा, बोट टीव्हीकडे दाखव. निदान त्याचे पैसे मिळतील."

मुलाचं मत तोवर बनलं होतं. टीव्ही दुकानात चालतो, आपण दिवाळीला आलो होतो तेव्हाही चालत होता. बंद पडतो तो फक्त आई एकटी असते तेव्हा. म्हणजे आईच बंद करते आणि विसरते. त्याला दुसराही पुरावा सापडला: आई एकच गोष्ट दोनदा सांगते. लहानपणापासून तो ते ऐकत होता, पण आता आईचं वय झालं होतं आणि पुण्यातल्या एका डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, की असं पुन्हा पुन्हा बोलणं दुर्लक्षून चालत नाही. त्यानं आपल्या फ्लॅटमधली एक खोली आईसाठी रिकामी करून घेतली. धुळ्याचं घर विकायचं की नुसतं कुलूप लावायचं, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

अक्कांनी यावर एक उपाय केला. टीव्ही सुरू करून झाला की त्या रिमोटमधले सेल काढून पदराच्या टोकाला बांधत. पुढच्या वेळी टीव्ही बंद पडला तेव्हा त्यांनी फोन लावला. "टीव्ही बंद पडला आहे. सेल माझ्या पदराला बांधलेले आहेत."

पलीकडून मुलगा म्हणाला, "मग आई, तू टीव्हीखालचं बटण दाबलं असशील."

"मी येडी नही शे," अक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्या घोषणा करू लागल्या. टीव्ही बंद पडला की ओट्यावर येऊन, गल्लीच्या दोन्ही टोकांकडे तोंड करून सांगत, "टीव्ही बंद पडलेला आहे. टीव्ही, बंद, पडलेला आहे." साक्षीदार असावेत, हा त्यामागचा विचार होता. गल्ली हसली. पोरांना नवी नक्कल मिळाली. पण समोर किराणा दुकान असलेल्या नानांच्या एक गोष्ट ध्यानात आली. अक्कांची घोषणा व्हायची तेव्हा नानांच्या हातात दरवेळी पाण्याचा पाइप असायचा.

"अक्का," ते एकदा ओरडून म्हणाले, "तुमना टीव्ही नळना दिनलेच कसा मरस? त्याले पाणी चढस काय?"

गल्ली पुन्हा हसली. अक्का हसल्या नाहीत. त्या पाइपकडे बघत उभ्या राहिल्या.

आमच्या गल्लीत नळ रोज येत नसे. बऱ्याच दिवसांनी येई, तोही थोडा वेळ. वॉल्व्ह सोडणारा माणूस गल्लीच्या तोंडावरून गेला की बातमी पसरे: आज नळ. मग घराघरांत नळाला मोटार जोडून पाणी ओढलं जाई. असं करायला बंदी होती, म्हणून गल्लीत मोटार कुणाकडेच नव्हती. गोणपाटाखाली काहीतरी घरघरत असे. विचारलं तर उत्तर येई, "मोटार? कोनी मोटार?" एकट्या अक्कांकडे खरोखरच मोटार नव्हती. त्या दारापुढच्या नळाच्या खड्ड्यात उतरून, धारेखाली कळशी लावून पाणी भरत, आणि भरता भरता आतल्या टीव्हीवरच्या बातम्या ऐकत. तो बंद पडे तो नेमका नळाच्याच दिवशी.

हे उमगल्यावर त्यांनी मुलाला फोन केला. ओट्यावर बसून, स्पीकर लावून. सगळी गल्ली ऐकत होती.

"मोटारी सुरू झाल्या की टीव्ही बंद पडतो. मोटारी सुरू झाल्या, की टीव्ही बंद पडतो."

"आई, मोटारीचा आणि टीव्हीचा काय संबंध?"

"ते तू शिकला आहेस. मी बघितलं ते सांगितलं."

"आई, मी शनिवारी गाडी घेऊन येतो. तू चल. डॉक्टरांना दाखवू, राहा थोडे दिवस, मग बघू."

"'मग बघू' नको. बोली कर. तू ये आणि नळाच्या दिवशी इथं बस. तुझ्यासमोर टीव्ही बंद पडला तर मी इथंच राहणार. नाही पडला तर बॅग भरून ठेवते, त्याच दिवशी तुझ्याबरोबर निघते. पुन्हा टीव्हीचं नाव काढणार नाही."

मुलगा म्हणाला, "चालेल."

अक्कांनी त्याच दिवशी बॅग भरली. निळी, चाकांची. नेसायची लुगडी, गोळ्या, यजमानांचा फोटो. दाराजवळ उभी करून ठेवली. मी म्हटलं, "अक्का, आत्ताच कशाला?" त्या म्हणाल्या, "बोली केली आहे. हरले तर शोधाशोध करत बसू का?" त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. पण त्या आठवड्यात जिन्यावर माझे अंक काट न मारता पडले होते.

मुलगा आला. शनिवारी नळ आला नाही, रविवारीही नाही. त्यानं रजा वाढवली. आईच्या हातचं खाल्लं, जुन्या मित्रांकडे जाऊन आला, टीव्ही लावून बघत बसला. टीव्ही सकाळपासून झोपेपर्यंत एकदाही बंद पडला नाही. आईशी मात्र तो जरा सावकाश आणि मोठ्यानं बोलायला लागला होता, जसं आजारी माणसाशी बोलतात.

मग एका सकाळी वॉल्व्हवाला गेला.

"पत्रकार, खाली या," अक्कांनी हाक मारली. "बघा. लिहू नका."

मी गेलो. मुलगा खुर्चीत बसला होता. टीव्ही सुरू होता, सेल अक्कांच्या पदराला होते, रिमोट रिकामा स्टुलावर. बाहेर नळाचा फुसफुसणारा आवाज झाला आणि पाणी पडायला लागलं. अक्का पाणी भरायला गेल्या नाहीत. त्या भिंतीला टेकून टीव्हीकडे बघत उभ्या राहिल्या. निवेदिका बोलत होती. जाहिराती झाल्या. पुन्हा निवेदिका आली. टीव्ही चालतच होता.

बराच वेळ गेल्यावर मुलगा हळू आवाजात म्हणाला, "आई, चालतोय की."

अक्का दाराकडे गेल्या. मीही मागं गेलो. बाहेर काहीतरी वेगळं होतं, ते लगेच ध्यानात आलं नाही. गल्लीत शांतता होती. दारादारात माणसं बादल्या लावून उभी होती आणि नळांना करंगळीएवढी धार पडत होती. कुठंही घरघर नव्हती.

समोर नाना हात जोडून उभे. "अक्का, आत बसा बिनघोर. बठ्ठ्यासनी मोटारी बंद ठेवेल शेतस."

"कोनी सांगं तुमले?"

"सांगाले कशाले पायजे? टीव्ही बंद पडना तं तुमना पोऱ्या तुमले लई जाई. आमी काय बहिरा शेतस का?"

घडलं ते असं होतं. फोनवरची बोली गल्लीनं ऐकली होती, पण उलटी समजून घेतली होती. मोटारींनी टीव्ही बंद पडतो, बंद टीव्हीवरून मुलगा आईला वेडी ठरवतो. म्हणजे तो आलेला असताना टीव्ही चालता राहिला की अक्का वाचल्या. नानांनी घरोघरी जाऊन सांगितलं होतं. अक्कांसाठी सगळ्या गल्लीनं त्या दिवशीचं पाणी सोडलं होतं. कुणी एक हंडा भरला होता, कुणी दीड. पुढचा नळ कधी, हे कुणाला माहीत नव्हतं.

अक्कांनी एकदा आत, बॅगेकडे पाहिलं. मग ओट्याच्या कडेला आल्या आणि स्थानकातल्या आवाजात म्हणाल्या, "मोटारी लावा."

कुणी हललं नाही.

"मोटारी, लावा. बठ्ठ्या."

शेजारची सून कुजबुजली, "अक्का, तुमच्या मुलासमोर? बंदी आहे ना."

"तो काय साहेब शे? मन्हा पोऱ्या शे. लावा म्हणस ना!"

"पण अक्का, टीव्ही—" नाना म्हणाले.

"नाना, बंद पडाले पायजे तो! त्यान्हाकरता तं हाई बठ्ठं करेल शे!"

नानांच्या डोक्यात प्रकाश पडला असावा, कारण ते धोतर सावरत धावतच आत गेले. पहिली मोटार त्यांचीच सुरू झाली. मग शेजारची. मग पलीकडची. गोणपाटं निघाली, पाइप जोडले गेले आणि गल्ली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घरघरायला लागली. धारा जाड झाल्या.

आत कपाटामागे 'टक' असा आवाज आला. निवेदिका वाक्याच्या मध्येच नाहीशी झाली. काळ्या काचेत खुर्चीत बसलेल्या मुलाचं प्रतिबिंब दिसत होतं. थोड्या वेळानं पुन्हा 'टक' असा आवाज होऊन खाली तांबडा ठिपका लागला.

मुलाचा हात सवयीनं रिमोटकडे गेला आणि थांबला. अक्का उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी पदराचं टोक उचलून गाठ दाखवली.

मुलगा इंजिनिअर होता. त्यानं 'टक' ऐकला होता. लोखंडी कपाट सरकवून त्यानं मागं हात घातला तेव्हा क्रोशाचं आवरण घातलेली एक जड पेटी निघाली. जुन्या टीव्हीचा स्टॅबिलायझर. व्होल्टेज खालीवर होतं म्हणून पूर्वी आमच्याकडे प्रत्येक घरात तो असे आणि त्याच्याशिवाय टीव्ही लावणं म्हणजे पोराला उन्हात उघडं सोडण्यासारखं समजलं जाई. नवा टीव्ही बसवला तेव्हा तो काढायचं कुणाच्याही मनात आलं नाही. मुलाच्याही नाही, वायर त्यानंच जोडली होती. इतक्या मोटारी एकदम सुरू झाल्या की गल्लीतलं व्होल्टेज पडे आणि पेटी टीव्हीची वीज तोडे, थोड्या वेळानं परत देई. जुना टीव्ही अशा वेळी डोळा मिचकावून आपोआप सुरू होत असे. नवा वाट बघत बसे, की कुणीतरी बटण दाबावं. दिवे एलईडीचे, पंखे थंडीमुळे बंद. म्हणून व्होल्टेज पडल्याचं दुसऱ्या कशावरून कळतही नव्हतं. मेकॅनिकच्या दुकानात टीव्ही गेला होता, पेटी कपाटामागेच होती.

त्यानं पेटी काढून टाकली, टीव्ही थेट भिंतीतल्या प्लगला जोडला. बाहेर सगळ्या मोटारी चालू होत्या. टीव्ही चालू राहिला.

मुलगा खूश झाला. हात धुतले, टॉवेलला पुसत म्हणाला, "सुटला प्रश्न. आता जेवून निघू, म्हणजे उजेडात पोचू."

"कोण निघणार?"

"आपण."

"टीव्ही बंद पडला. तुझ्यासमोर."

"हो आई, पण टीव्हीचा प्रश्नच नव्हता मुळात."

"मग इतके दिवस मला काय विचारत होतास?"

तो खाली बघायला लागला. "तू एकटी आहेस इथं. खड्ड्यात उतरून पाणी भरतेस. एक गोष्ट दोनदा सांगतेस."

"जन्मभर दोनदाच सांगितली. त्याच पगारावर तू शिकलास."

"आई, मला तिकडे झोप लागत नाही गं."

अक्कांनी विचारलं, "बोली का केलीस?"

मुलगा म्हणाला, "मला वाटलं, तो बंद पडणारच नाही."

"हे खरं बोललास," अक्का म्हणाल्या.

त्यांनी निळी बॅग आडवी केली, उघडली, लुगडी कपाटात ठेवली, फोटो भिंतीवर लावला. मग पदराची गाठ सोडून सेल रिमोटमध्ये घातले, टीव्ही बंद केला आणि मला म्हणाल्या, "पत्रकार, एक बाजू धरा." समोरून नानांना हाक मारली. आम्ही तिघांनी टीव्ही भिंतीवरून उतरवला. मुलगा "आई, हे काय?" म्हणत मागं मागं येत होता.

"मला न्यायला आला होतास ना? रिकाम्या हातानं जाऊ नको."

"तुझ्यासाठी आणलाय तो!"

"माझ्यासाठी आणलास आणि माझ्याच डोक्याची तपासणी त्याच्यावर केलीस. घेऊन जा. तुझ्याकडे मोटारी नाहीत, नीट चालेल. आणि त्या खोलीत लाव, माझ्यासाठी काढली आहेस त्या. मी येऊन बघणार. होळीनंतर. चार दिवस. परतीचं तिकीट काढून."

टीव्ही मागच्या सीटवर उभा ठेवला, भोवती घोंगडी गुंडाळली. मुलानं वाकून नमस्कार केला. अक्कांनी त्याच्या केसांवरून हात फिरवला, पाठीवर एक चापटही मारली, जरा जोरात. नानांनी त्याच्या हातात शेंगदाण्यांची पिशवी दिली आणि सांगितलं, "अक्कानी काळजी नको. आमी शेतस."

तो गाडीत बसला. आमच्या गल्लीत गाडी वळवायला जागा नाही. आली तशी मागं घेत बाहेर काढावी लागते. त्यानं आरशात पाहिलं तर मागच्या काचेत टीव्ही. त्याला काहीही दिसत नव्हतं. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, तरी दोन्हीकडे बादल्या, पाइप, माणसं.

अक्का ओट्यावरून उतरल्या. पदर कमरेला खोचला, गाडीच्या मागं जाऊन गल्लीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी गाडी बोलवायला लागल्या.

"येऊ दे... येऊ दे... डावी मार... येऊ दे..."

माणसं भिंतीला चिकटली. बादल्या उचलल्या गेल्या. त्या उलट्या चालत होत्या आणि गाडी त्यांच्या तळव्यांकडे बघितल्यासारखी मागं सरकत होती. नानांच्या पायरीपाशी त्यांनी थांबवली, पुढं घ्यायला लावली, पुन्हा मागं घेतली. कुठंही घासली नाही. गल्लीच्या तोंडाशी गाडी मोठ्या रस्त्याला लागली, सरळ झाली. अक्कांनी मागच्या पत्र्यावर थाप मारली.

"हां," त्या म्हणाल्या, "जाय आते."